झेरोडूर की साधी काच: यवतमाळकडच्या एका शाळेच्या दुर्बिणीचं प्रकरण

खेड्यातल्या शाळेला दुर्बीण हवी असली की अडतं ते बहुतेक पैशांवर. इथे पैसे आधी आले आणि ते कशावर खर्च करायचे यावर गाडी अडली.

शाळा घाटंजीच्या पुढची, आठवी ते बारावीची. आजूबाजूला कापूस-तुरीची वावरं, आणि रात्री गावातले दिवे मालवले की आकाश असं की शहरातल्या माणसाला नक्षत्रं ओळखायला वेळ लागावा, इतके तारे. विज्ञान मंडळाच्या पोरांना आरसा स्वतः घासून आठ इंची न्यूटोनियन, म्हणजे भिंगाऐवजी आरशानं प्रकाश गोळा करणारी, दुर्बीण करायची होती. गावचाच एक मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे, त्याला सगळे दादा म्हणतात. खर्च त्यानं अंगावर घेतला. अट एकच: आरसा झेरोडूरचा, म्हणजे तापली तरी जवळजवळ न फुगणाऱ्या खास काचेचा हवा. नैनितालजवळ देवस्थळला ३.६ मीटरची दुर्बीण आहे, तिचा आरसा झेरोडूरचा आहे, मग आपल्या पोरांनी कमी दर्जाचं का वापरायचं, असं त्याचं म्हणणं. विज्ञानाच्या मॅडमना हे पटत नव्हतं. पण पैसे देणाऱ्याशी वाद घालायचा कसा, हाही प्रश्न होताच. आमच्या नागपूरच्या आकाशनिरीक्षण गटात आरसे घासणारे दोन-चार जण आहोत, म्हणून विचारणा माझ्याकडे आली.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण 'आरशाला काच कोणती घ्यावी' हा प्रश्न आमच्याकडे वारंवार येतो आणि त्याचं उत्तर लोक प्रसरणाच्या तक्त्यात शोधतात. तक्ता खरा असतो. पण विदर्भातल्या रात्री दुर्बीण बिघडते ती बहुतेक दुसऱ्याच कारणानं.

तक्ता काय सांगतो

एक मीटर लांबीची पट्टी एक अंशानं तापली तर किती वाढते, या हिशेबानं बोलू. खिडकीची साधी काच, म्हणजे सोडा-लाइम, सुमारे ९ मायक्रोमीटर (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढते. पायरेक्सच्या जातीची बोरोसिलिकेट काच ३.३. वितळवलेलं शुद्ध क्वार्ट्‌झ ०.५५. झेरोडूर शून्याच्या इतकं जवळ की ०.१ च्या आतच राहतं, आणि चांगल्या प्रतीचं त्याहून कितीतरी कमी. तुलनेसाठी लोखंड १२ आणि अॅल्युमिनियम २३.

झेरोडूर ही नुसती काच नव्हे. जर्मनीच्या शॉट कंपनीनं १९६८ साली ते तयार केलं. त्यात काचेच्या पोटात अतिसूक्ष्म स्फटिक वाढवलेले असतात. काच तापली की फुगते, ते स्फटिक तापले की आकसतात, आणि प्रमाण नेमकं साधलं की दोघांची बेरीज जवळपास शून्य होते. अमेरिकेच्या कॉर्निंगनं दुसरी वाट धरली: सिलिकात सात टक्क्यांच्या आसपास टायटॅनियम ऑक्साइड मिसळायचं. हबलचा २.४ मीटरचा आरसा त्या दुसऱ्या जातीचा आहे. हवाई बेटांवरच्या दोन केक दुर्बिणींच्या आरशांचे ३६-३६ तुकडे आणि चिलीतल्या व्हीएलटी या दुर्बिणींचे ८.२ मीटरचे आरसे झेरोडूरचे. म्हणजे दादा हवेतलं बोलत नव्हता.

आरशाला हे सगळं लागतं कशाला, तेही पाहू. आठ इंची, १२०० मिमी फोकल लेंथच्या (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराच्या) आरशाची खोली मध्यभागी जेमतेम २ मिमी असते. तो आधी गोलाकार घासतात आणि मग त्याला परवलयाचा (पॅराबोलाचा) आकार देतात. या दोन आकारांतला फरक, दोन्ही शक्य तितके एकमेकांवर बसवले तर, सुमारे २२५ नॅनोमीटर भरतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). पृष्ठभागाची चूक ७० नॅनोमीटरच्या आत ठेवायची, तरच प्रतिमा दुर्बिणीच्या ताकदीइतकी स्वच्छ येते. सगळी मेहनत इतक्या बारीक मापाची असेल तर काचेचं फुगणं-आकसणं मोजावंच लागतं.

पण नेमकं काय बिघडतं

इथे बहुतेकांची गल्लत होते. आरसा सगळीकडून सारखा थंड झाला तर त्याचा आकार बिघडत नाही, तो फक्त प्रमाणात लहान होतो. परवलयाचं परवलयच राहतं, फोकस तेवढा सरकतो. साध्या काचेच्या १२०० मिमीच्या आरशाचा फोकस २० अंशांच्या घसरणीत सुमारे ०.२२ मिमी आत येतो. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, जरा फिरवला की काम झालं.

याच हिशेबातली एक गंमत दादाला सांगितली तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. दुर्बिणीची नळी लोखंडी असेल तर त्याच २० अंशांत ती ०.२९ मिमी आकसते. म्हणजे साध्या काचेचा आरसा आणि लोखंडी नळी जवळपास जोडीनं आकसतात, फोकस फक्त ०.०७ मिमी हलतो. तीच नळी ठेवून झेरोडूर बसवलं तर आरसा जागचा हलत नाही आणि नळीचं सगळं आकसणं आयपीसवर येतं. डोळ्यानं पाहणाऱ्याला दोन्हीनं काही फरक पडत नाही. पण 'कमी प्रसरण म्हणजे सगळीकडे फायदा' हे समीकरण तिथंच ढिलं झालं. आरसा आणि सांगाडा एकाच धातूचा करण्यामागे हाच विचार असतो. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचे बेरिलियमचे आरसे बेरिलियमच्याच आधारांवर बसवलेत, तेही मुख्यतः यासाठी.

आकार खरा बिघडतो तो आरशाच्या एका भागाचं तापमान दुसऱ्यापेक्षा वेगळं असेल तेव्हा. कड आधी गार होते, मधला भाग गरम राहतो. समजा १९ मिमी जाड साध्या काचेत कड आणि मध्य यांत एक अंशाचा फरक आहे. जाडीतला फरक १७१ नॅनोमीटर; त्यातला निम्मा पुढच्या बाजूला आला तरी ८५. आपली मर्यादा ७०. बोरोसिलिकेटमध्ये हाच आकडा ३१ होतो आणि झेरोडूरमध्ये तो मोजावाच लागत नाही. म्हणजे खरा प्रश्न असा: आरशात एक अंशाचा फरक राहतो का, आणि किती वेळ?

पातळ आरशात तो फार राहत नाही. उघड्यावर ठेवलेल्या १९ मिमीच्या काचेला हवेशी जुळायला लागणारा वेळ सगळा बाहेरच्या पृष्ठभागावर जातो. काचेच्या आत उष्णता त्यामानानं झटकन पसरते. ढोबळ हिशेब मांडला तर दोन्ही बाजूंनी हवा लागत असेल तेव्हा दर अर्ध्या तासाला आरसा आणि हवा यांतला फरक एक-तृतीयांशाच्या आसपास येतो, आणि आरशाच्या आतला फरक त्या बाहेरच्या फरकाच्या दहाव्या हिश्शाइतकाही नसतो. हवा आणि आरसा यांत १५ अंशांची तफावत असेल तर आत साधारण एक अंश. तासाभरात बाहेरची तफावत दोन अंशांवर येते, मग आतलं बिघडणं नगण्य होतं. पहिला तास वाईट, पुढची रात्र चांगली.

जाडी वाढली की चित्र पालटतं. अमेरिकेतल्या विल्सन पर्वतावरच्या १०० इंची हूकर दुर्बिणीचा आरसा साध्या काचेचा, फ्रान्समध्ये ओतलेला, सुमारे फूटभर जाड. १ नोव्हेंबर १९१७ च्या रात्री ती पहिल्यांदा गुरूकडे वळवली तेव्हा गुरू एकाऐवजी सहा-सात दिसले, एकमेकांवर चढलेले. दिवसा काम करणाऱ्यांनी घुमट उघडा ठेवला होता आणि आरसा उन्हात तापला होता. वेधशाळेचे प्रमुख हेल आणि त्यांचे सहकारी अॅडम्स मध्यरात्रीनंतर परत आले, पहाटेच्या सुमाराला अभिजित ताऱ्याकडे पाहिलं, तर तो स्वच्छ बिंदू. तेवढ्या जाड काचेला शांत व्हायला अर्धी रात्र लागली. हा अनुभव गाठीशी असल्यामुळेच पुढच्या, पॅलोमार पर्वतावरच्या २०० इंची आरशासाठी हेलनं साधी काच नाकारली. आधी क्वार्ट्‌झचा प्रयत्न झाला, तो फसला. मग १९३४ मध्ये कॉर्निंगनं पायरेक्समध्ये आरसा ओतला, तोही मागून कप्पे-कप्पे सोडून, म्हणजे कुठेही काचेची भिंत फार जाड राहू नये.

मिस्त्रींचा अंगठा

शाळेच्या या कामाचा खरा आधार म्हणजे गावातले एक निवृत्त मिस्त्री. आयुष्य जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेलं. राळ म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही, पट्टा घसरू नये म्हणून ती ते वर्षानुवर्षं वापरत आले होते. आरसा पॉलिश करायचा तवा याच राळेचा करतात.

निर्णयाआधी मी त्यांना आणि पोरांना माझ्याकडचे दोन जुने आरसे दाखवले, एक साध्या काचेचा आणि एक बोरोसिलिकेटचा, दोन्ही सहा इंची, मुलामा न चढवलेले. अंधाऱ्या खोलीत फूको चाचणी लावली. आरशासमोर त्याच्या वक्रतामध्यापाशी बारीक फटीतून प्रकाश आणि त्याशेजारी ब्लेडची धार. धार किरणांत सरकवली की आरशावरचे नॅनोमीटरांचे चढउतार डोंगरदऱ्यांसारखे उठून दिसतात, एका बाजूनं सावली पडल्यागत.

मिस्त्रींना म्हटलं, अंगठा टेकवा आणि दहा आकडे मोजा. त्यांनी साध्या काचेवर टेकवला, काढला, आणि ब्लेडमागून पाहिलं. अंगठ्याच्या जागी टेकडी उभी होती.

"हे मी केलं? नुसत्या बोटानं?"

"तुमच्या बोटाच्या उष्णतेनं."

"काच तापली का फुगते हे तं मले मालूम हाय. पन एवढी दिसन असं नोतं वाटलं बाप्पा."

ती टेकडी उतरायला बराच वेळ लागला. बोरोसिलिकेटवर तोच अंगठा, तितकाच वेळ. टेकडी आली, पण ठेंगणी. हिशेबही तेच सांगतो: पाच मिमी खोलीपर्यंत पाच अंश वाढले असं धरलं तर साध्या काचेवर उंचवटा सव्वादोनशे नॅनोमीटरचा, बोरोसिलिकेटवर ऐंशीच्या आसपास, झेरोडूरवर एखाद्या नॅनोमीटरचा.

दादा तिथंच होता. तो लगेच म्हणाला, "बघा, म्हणूनच म्हणत होतो." त्याचं बरोबर होतं, पण कार्यशाळेपुरतं. आरसा घासताना, पॉलिश करताना काच घर्षणानं तापते, आणि मापं घ्यायच्या आधी ती निवावी लागते. साधी काच असेल तर दोन-तीन तास थांबणं शहाणपणाचं. बोरोसिलिकेट त्याच वेगानं निवते. तिची चूक एक-तृतीयांश असल्यामुळे मापाच्या लायक ती साधारण अर्धा तास आधी होते, इतकंच. झेरोडूरवर थांबायची गरज जवळजवळ नाही. ज्याला आठवड्याला आरसे विकायचे आहेत त्याच्यासाठी हा वेळ म्हणजे पैसा. शाळेतली पोरं पॉलिश करून संध्याकाळी घरी जातात आणि माप दुसऱ्या दिवशी सकाळी घेतात, त्यांचा यात काहीच तोटा नाही.

टिनाची खोली

खरा निकाल लागला तो दुसऱ्याच प्रयोगात. गटाची सहा इंची दुर्बीण आम्ही मुद्दाम सोबत नेली होती. तिचा आरसा बोरोसिलिकेटचा, चांगला तपासलेला. शाळेनं नव्या दुर्बिणीसाठी जी खोली ठरवली होती ती मैदानाला लागून, कुलूपबंद, टिनपत्र्यांची. हिवाळ्याचे दिवस. यवतमाळकडे तेव्हा दुपार २८-३० अंशांची आणि पहाट १२ च्या आसपास, थंडीची लाट आली तर १० च्याही खाली. टिनाखाली दुपारी थर्मामीटर ३४ दाखवत होता. सात वाजता दुर्बीण बाहेर काढली तेव्हा मैदानावर १९.

तारा फोकसच्या थोडा बाहेर नेला की त्याची तबकडी होते, आणि त्या तबकडीत नळीतली हवा दिसते. पोरं एकेक करून पाहू लागली. आठवीतली एक मुलगी बराच वेळ डोळा लावून होती, मग म्हणाली, "सर, तारा उकळून काहून राह्यला?"

मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते, तेच आरशावर चाललं होतं. गरम काचेला लागलेली हवा हलकी होऊन वर सरकत होती आणि प्रकाश तिच्यातून दोनदा जात होता, येताना आणि परतताना. गुरूचे पट्टे दिसायचे, पुसायचे. साडेआठ-नऊनंतर सगळं निवळलं. दुसऱ्या दिवशी तीच दुर्बीण दिवसभर उत्तरेकडच्या व्हरांड्यात सुती चादरीखाली ठेवली आणि सूर्य मावळताच झाकण काढलं. सातलाच गुरू स्थिर.

काच तीच, आकाशही साधारण तसंच. बदलली होती फक्त खोली.

झेरोडूर असतं तर पहिल्या संध्याकाळी काय झालं असतं? आरशाचा आकार परिपूर्ण राहिला असता आणि तारा तसाच उकळला असता. एक घनसेंटिमीटर काच एक अंशानं गार करायला साधी काच असो की झेरोडूर, दोन ज्यूलच्या आसपास उष्णता बाहेर पडावी लागते. बोरोसिलिकेटला थोडी कमी. न फुगणारी काच उष्णता धरून ठेवत नाही असं नव्हे. ती तितकीच धरते आणि तितकीच हवेत सोडते. आरसा हवेपेक्षा एखाद्या अंशानं गरम राहिला तरी वरची हवा हलायला लागते, आणि विदर्भात तर सूर्य मावळल्यावर हवा दर तासाला दोन-तीन अंश घसरत जाते. आरसा तिच्या मागेच धावत राहतो. जाड आरसा जास्त मागे राहतो. पंखा लावला तर पकडतो.

दादाचा शेवटचा प्रश्न रास्त होता: मग एवढ्या मोठमोठ्या वेधशाळा वेड्या आहेत का? नाहीत. आठ मीटरचा भरीव आरसा रात्रभरात हवेशी जुळणारच नसेल तर निदान त्यानं आकार बदलू नये, म्हणून ते झेरोडूर घेतात. आणि तेवढ्यावर थांबत नाहीत. दिवसा घुमट थंड ठेवतात, रात्री वारा खेळवतात. उलट अॅरिझोनातल्या एलबीटी दुर्बिणीचे ८.४ मीटरचे आणि चिलीतल्या मॅगेलन दुर्बिणींचे ६.५ मीटरचे आरसे बोरोसिलिकेटचे आहेत. आतून मधमाशांच्या पोळ्यासारखे पोकळ, पुढची काच तीन सेंटिमीटरपेक्षाही पातळ, आणि पोकळीत सतत हवा फिरवलेली. जगातल्या सर्वांत मोठ्या एकसंध आरशांपैकी काही, आणि त्यांचा भर काचेच्या जातीपेक्षा पातळपणावर आणि वाऱ्यावर आहे. हे ऐकल्यावर दादानं झेरोडूरचा हट्ट सोडला. मनातून पटलं की नाही, माहीत नाही. पण पुढं पैसे कुठे लावायचे यात तो उत्साहानं उतरला.

काच घेताना

ठरलं ते असं: आठ इंची आरसा १९ मिमी जाडीच्या साध्या फ्लोट काचेचा (खिडकीला असते तीच जात). बोरोसिलिकेटची चकती मागवता आली असती, पण ती बाहेरून येते, महाग पडते, आणि घासायलाही कडक, म्हणजे पोरांच्या हाताला जास्त वेळ. मी स्वतःसाठी करत असतो तर कदाचित बोरोसिलिकेट घेतली असती. माझा धीर शाळेतल्या पोरांइतका नाही. शाळेसाठी साधी काच बरी, कारण एक चकती फुटली तर दुसरी नागपूरहून येते आणि कोणी रडत नाही. दादाच्या पैशातून दोन चकत्या, बरे आयपीस, आरशावर चढवायचा अॅल्युमिनियमचा मुलामा आणि पंखा, इतकं आरामात बसलं.

काच घेताना एकच धोका मोठा, आणि तो प्रसरणाचा नाही. जाड काच आजकाल बरीचशी टफन करून मिळते, टेबलाच्या, दाराच्या कामाची. टफन काच घासायला घेतली की पृष्ठभागावरचा ताण मोडतो आणि अख्खी चकती खडीसाखरेसारखी विखुरते. दुकानात कोपऱ्यावरचा शिक्का पाहावा, पण कापलेल्या तुकड्यावर तो राहतोच असं नाही. मॅडमनी दुकानात लॅपटॉप नेला. त्याचा पडदा पांढरा करून उजेड पूर्ण वाढवला, त्याच्यासमोर काच धरली आणि पोलरॉइड गॉगल तिरका करून पाहिलं. साध्या, नीट निववलेल्या काचेत काही दिसत नाही. टफन काचेत काळे-पांढरे पट्टे, ठिपके लगेच उमटतात. दुकानदारानं आधी दिलेला तुकडा पट्ट्यांचा निघाला. त्यानं न कुरकुरता बदलून दिला, आणि गॉगल घालून स्वतःही पाहिलं.

घासकाम डांबराच्या रिकाम्या ड्रमवर झालं. ड्रममध्ये वाळू, वर पाट, पाटावर काच, आणि पोरं भोवती फिरत फिरत दुसरी काच घासतात; ८० नंबरच्या कार्बोरंडम पावडरीपासून ६०० पर्यंत. यावर जास्त लिहीत नाही, इथे विदर्भाचं वेगळं काही नाही.

राळेचं मात्र आहे. परदेशी पुस्तकांतली राळेची कृती वीस-बावीस अंशांच्या खोलीसाठी असते. आपल्याकडे फेब्रुवारी सरला की दुपारी तवा वाहायला लागतो, खाचा मिटतात, आणि आरशाची कड खाली ढळते. मिस्त्रींनी राळेत मेण कमी केलं, थोडी जास्त तापवून उडती द्रव्यं घालवली, आणि नखानं दाबून कडकपणा पाहत राहिले. शेवटचं पॉलिश आणि परवलयाचं काम सगळं संक्रांतीच्या आगेमागे, सकाळच्या गारव्यात उरकलं. घाई करून होळीनंतर परवलय करायला बसलेला माणूस राळेशी भांडतो, आरशाशी नाही.

आरसा टेकवायची बैठक मिस्त्रींनी केली. पातळ काच स्वतःच्या वजनानं वाकते, म्हणून तीन टेकूंऐवजी नऊ टेकूंची, डोलणाऱ्या त्रिकोणांवर बसवलेली. मागची बाजू पूर्ण उघडी, कारण तिथून आरशाला वारा लागायला हवा. जुन्या कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा रबरी पट्ट्यांवर टांगला, नाहीतर त्याची थरथर तारा हलवते. नळी लोखंडी केली नाही, प्लायवूडची चौकोनी पेटी केली. ती उष्णता कमी धरते आणि गावातल्या सुतारानं दोन दिवसांत बांधून दिली. आतून काळी, बाहेरून पांढरी. बाहेरून काळी रंगवायची पोरांची फार इच्छा होती.

कशी चालली

मुलामा चढून आरसा परत आला तेव्हा थंडी अजून होती. खोलीचा प्रश्न शाळेनं सोडवला: दुर्बीण आता ग्रंथालयाच्या मागच्या सिमेंटच्या खोलीत राहते, तिथं दुपारी टिनाखालच्यापेक्षा सात-आठ अंश कमी असतं. शिपाई संध्याकाळी पाचला ती पेटीसकट व्हरांड्यात आणतो, सूर्य मावळला की झाकण काढून पंखा लावतो. साडेसात-पावणेआठला पाहायला घेतली की तारा स्थिर. मृगातला तेजोमेघ, गुरूचे चार चंद्र आणि पट्टे, चंद्रावरच्या दऱ्या. पहिल्या संध्याकाळी अर्धं गाव रांगेत होतं, आणि आधी कोणी पाहायचं यावर सरपंचांच्या घरातच मतभेद झाले.

आरशात दोष आहेत. कडेचे चार-पाच मिमी ढळलेले आहेत, ते काळ्या कागदाच्या रिंगनं झाकले. ते काचेच्या जातीमुळे नाही, एका गरम दुपारी पॉलिश चालू ठेवल्यामुळे. पंखा बंद करून पाहिलं तर नऊपर्यंत तबकडीत हवा हलते. पंखा लावला की अर्ध्या तासात थांबते. हा प्रयोग मॅडम आता उष्णतेच्या धड्याला करून घेतात.

उन्हाळ्यात काय, हे अनेकांनी विचारलं. मेमध्ये दुपारी ४४-४५ आणि पहाटे २८-३०, म्हणजे घसरण हिवाळ्याइतकीच. तेव्हाही जागा आणि पंखाच कामाला येतो. फक्त धूळ जास्त, म्हणून पंखा मागून हवा ढकलतो आणि त्याच्यापुढे पातळ कापड ताणलंय.

दादाला आता बारा इंची हवी आहे. यावेळी मी त्याच्या बाजूनं थोडा सरकलो. बारा इंचाला काच निदान २५ मिमी जाड लागते, ती हवेशी जुळायला पाऊण तासाच्या हिशेबानं चालते, आणि कड-मध्यातला एक अंश साध्या काचेत पुढच्या बाजूला ११० नॅनोमीटरच्या वर जातो. त्यात फोकल लेंथ लहान ठेवली, आणि ठेवावीच लागते, कारण नाहीतर आयपीसपाशी पोहोचायला शिडी लागेल, तर परवलय जास्त खोल होतं आणि घासताना मापं वारंवार घ्यावी लागतात. इथं बोरोसिलिकेटचे जास्तीचे पैसे वसूल होतात. झेरोडूरचे तरीही नाहीत. चकतीचा भाव मागवला आहे. आणि ग्रंथालयामागच्या खोलीचं दार बारा इंची पेटीला पुरतं का, ते मिस्त्री मोजून सांगणार आहेत. पुरलं नाही तर आधी दार मोठं करायचं, मग काच मागवायची, असं ठरलंय.